गीता ५.१८ : गाय कोणाची, वाघ कोणाचा?



आजचा श्लोक पाचव्या अध्यायातला अठरावा. कीर्तनात हमखास येणारा, बऱ्याच जणांना तोंडपाठ असणारा. अर्थ थोडक्यात असा: विद्या आणि विनय अंगी असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचं मांस शिजवून खाणारा, या सगळ्यांकडे ज्ञानी माणसं सारख्याच नजरेनं पाहतात. माउलींनी ज्ञानेश्वरीत या यादीत डासालाही घेतलंय. डास आणि हत्ती, गाय आणि कुत्रं, हे भेद जागं झालेल्या माणसाला स्वप्नासारखे, मग ते उरणार कुठून, असा त्यांचा भाव.

ऐकायला किती गोड वाटतं ना? पण एक गोष्ट बघा. या यादीत गाय आहे, गायीला खाणारा नाही. त्याला यादीत घातलं की श्लोक एकदम अवघड होतो. वाघ गायीच्या नरड्याला धरून बसलेला असताना दोघांकडे सारख्या नजरेनं पाहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सेलूवरून हिंगणी, हिंगणीवरून बोरधरण, की आलं बोर व्याघ्र प्रकल्पाचं गेट. नागपूरहून दीड-दोन तासांत माणूस पोचतो. १९७० साली अभयारण्य झालेलं हे जंगल २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्पांमध्ये याची गणना होते. आपल्यातले काही जण जंगल म्हटलं की वर्षावन डोळ्यांसमोर आणतात, वेलींनी गच्च, दिवसाही अंधार. तसं सदाहरित रान आपल्याकडे सह्याद्रीत, चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला. बोरचं रान वेगळं. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, मधूनमधून बांबू. पावसाळ्यात हिरवंगार, आणि एप्रिल-मेमध्ये अंगावरचं पान न् पान टाकून मोकळं. तेव्हा लांबवर दिसतं आणि पाण्यापाशी प्राणी येतात, म्हणून उन्हाळ्यात बुकिंग मिळत नाही. एकीकडे बोर नदीवरच्या धरणाचं पाणी, दुसरीकडे कपाशी, तूर, सोयाबीनची शेतं. जंगल कुठे संपलं आणि शेत कुठे सुरू झालं हे गेटवरच्या पाटीला कळतं, वाघाला कळत नाही.

आमच्या जिप्सीत सगळ्यांचा एकच ध्यास होता. वाघाचं दर्शन. बघा हं, शब्द आपण कोणता वापरतो! हरणं 'दिसतात', मोर 'दिसतो', वाघाचं मात्र 'दर्शन' होतं. आणि ते झालं नाही की पैसे वाया गेले असं तोंड करून माणसं परततात. आमच्या गाईडला याची सवय असावी. तो शांतपणे म्हणाला, "वाघ दिसला नाही म्हंजे जंगल पाह्यलंच नाही, असं थोडी असते भाऊ?" फळाची आसक्ती यावर दुसऱ्या अध्यायाचं निरूपण आपण इथे कितीदा केलं असेल, त्यानं ते एका वाक्यात आटपलं. पण आज मला त्या विषयावर जायचं नाही.

दर्शन हा शब्द चुकीचा नाही, हे आधी म्हणून ठेवतो. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात तेव्हा पशूंमध्ये मी मृगेंद्र आहे असं म्हणतात. आपण मृगेंद्र म्हणजे सिंह धरून चालतो. शंकराचार्यांनी भाष्यात सिंह किंवा वाघ, असे दोन्ही अर्थ दिलेत. तेव्हा बोरच्या पाणवठ्यावर जे येतं त्यात देव पाहणं शास्त्राला धरूनच आहे.

आणि हे पाहायचं कसं, याची युक्ती सांगणारा माणूस याच जिल्ह्यात राहिला. पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दहाव्या अध्यायाच्या प्रवचनात ते लहान मुलाच्या अक्षर-ओळखीचा दाखला देतात. मुलाला आधी साधी, सोपी, मोठी अक्षरं शिकवायची, मग जोडाक्षरं. देवाचंही तसंच. आई, संत, नदी, सूर्य, गाय ही सोपी अक्षरं. रामात देव दिसणं सोपं, रावणात दिसणं हे जोडाक्षर. ते नंतर यायचं, पण यायला मात्र हवं, कारण जोडाक्षर आलं नाही तर पुस्तक वाचताच येणार नाही.

वाघ हे असंच जोडाक्षर. मात्र इथे एक गंमत आहे. जिप्सीत बसलेल्या आपल्याला वाघ सोपाच वाटतो! देखणा, रुबाबदार, स्टेटसला ठेवण्यासारखा. आपल्याला त्याच्यात देव दिसायला काही कष्ट पडत नाहीत, कारण त्यानं आपलं काही नेलेलं नसतं. उद्या सकाळी आपण पुण्याला किंवा ठाण्याला. जोडाक्षर वाचायची पाळी येते ती गेटच्या बाहेर राहणाऱ्यावर.

गेटपासून थोड्या अंतरावर चहाला थांबलो होतो. तिथे एक म्हातारे गुराखी बसले होते. वाघ दिसला का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर हसले. मग त्यांनीच सांगितलं की दोन वर्षांपूर्वी त्यांची गाय गेली, दुसऱ्या वेताची, दूध देणारी. पंचनामा झाला, कागद झाले, पैसेही आले. "मंग?" मी म्हटलं. ते म्हणाले, "मंग काय. गाय माही होती, वाघ सरकारचा हाय." त्यात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

हे वाक्य डोक्यातून जात नाही. कारण अठराव्या श्लोकावर माझ्याकडे जेवढी टिपणं आहेत त्यात समदर्शन करणारा कोण आहे हे सांगितलंय, ज्यांच्याकडे पाहायचं ते कोण हे सांगितलंय. त्या पाहण्याचा खर्च कोणी भरायचा, हे मात्र कुठे नाही.

परंपरेत याचं एक ठरलेलं उत्तर आहे: समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे. नजर सारखी ठेवा, वागणं ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे. रामकृष्ण परमहंस हे फार छान सांगायचे. वाघातही नारायण आहे, म्हणून काही वाघाला मिठी मारायची नसते. आणि त्यांची ती हत्तीची गोष्ट. सगळं नारायणच आहे म्हणून एक शिष्य पिसाळलेल्या हत्तीसमोरून हटत नाही, आपटला जातो, आणि गुरू त्याला विचारतात, अरे, माहुत ओरडून बाजूला हो सांगत होता, तो पण नारायणच होता ना, त्याचं का ऐकलं नाहीस?

उत्तर बरोबर आहे. पण फार सोयीचंही आहे. याच उत्तराच्या आड शतकानुशतकं याच श्लोकातल्या श्वपाकाला देवळाबाहेर उभं केलं गेलं. आत्मा सारखा आहे हो, फक्त वागणूक वेगळी! तेव्हा समवर्तन नाही असं कोणी म्हटलं की मी आधी बघतो, या वेगळ्या वागण्याचा तोटा कोणाला होतोय? म्हणणाऱ्याला की दुसऱ्याला?

वर्ध्यातच याचं चोख उदाहरण आहे. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी शहरातलं लक्ष्मीनारायण मंदिर तेव्हा अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना खुलं केलं. त्या काळात असं करणारी देवळं देशात जवळजवळ नव्हतीच. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ते देऊळ त्यांच्या स्वतःच्या घराण्यानं बांधलेलं होतं. त्यांनी दुसऱ्याच्या देवळापुढे जाऊन उपदेश केला नाही. आपलं दार उघडलं, आणि आपल्याच समाजाचा रोष आपल्याच अंगावर घेतला.

आता कथांकडे बघा. शिबी राजाकडे कबुतर शरण येतं, मागून ससाणा येतो. ससाणा म्हणतो, तू याला वाचवलंस तर मी आणि माझी पिल्लं उपाशी मरू, हा कुठला धर्म? शिबी त्याला दुष्ट म्हणत नाही. तुझी भूक खरी आहे हे मान्य करतो. आणि मग तराजूत स्वतःच्या मांडीचं मांस कापून घालतो. कालिदासाच्या रघुवंशात, दुसऱ्या सर्गात, तर थेट आपलाच प्रसंग आहे. दिलीप राजा नंदिनी गाय चारायला नेतो, गुहेत सिंह तिच्यावर झेप घेतो. सिंह मोठा तर्कशुद्ध बोलतो: एका गायीपायी एवढं राज्य आणि असा तरुण देह कशाला टाकतोस, गुरूंना दुसऱ्या हव्या तेवढ्या गायी दे. म्हणजे सरळ भरपाईचा प्रस्ताव! दिलीप तो नाकारतो आणि गायीच्या जागी स्वतः सिंहापुढे पडतो. बौद्धांच्या जातककथांतही बोधिसत्त्व भुकेल्या वाघिणीला स्वतःचा देह देतो.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. हिंस्र प्राण्याच्या भुकेचा हक्क मान्य आहे, आणि तो भागवण्याची किंमत जो करुणा करतो तोच देतो. शेजाऱ्याची गाय वाघापुढे करून आपण करुणावान झाल्याची कथा आपल्या एकाही ग्रंथात मला सापडलेली नाही.

आणि प्रत्यक्षात आपण बऱ्याचदा तेच करतो.

२०१७ ची घटना अनेकांना आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी भागात एका तरुण वाघिणीच्या हल्ल्यांत माणसं गेली. जुलैमध्ये तिला पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून, बोरमध्ये आणून सोडलं. ती इथे टिकली नाही. गावांच्या कडेकडेनं शेकडो किलोमीटर फिरत राहिली, तिच्या वाटेत पुन्हा माणसांचे जीव गेले. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. शहरात मेणबत्त्या की बंदुका अशी भांडणं चालू होती, आणि ऑक्टोबरमध्ये ती वाघीण वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतात कुंपणाच्या तारेतल्या विजेनं मेली. ती तार तिच्यासाठी लावलेलीच नव्हती, रानडुकरांसाठी होती.

या गोष्टीत खलनायक शोधायला गेलं तर हाती काय लागतं? वाघीण वाघिणीसारखी वागली. ज्यांची माणसं गेली त्यांनी तिला मारा म्हटलं, त्यांना काय म्हणणार? तारेत वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि असावाच. त्या तारांनी वाघ मरतात तशी माणसंही मरतात. पण रात्रभर मचाणावर बसून डुकरं हाकलायची आणि सकाळी उठून पुन्हा शेतात राबायचं, हे ज्यानं एक हंगाम केलंय त्यानं त्या शेतकऱ्यावर बोलावं. आपण नाही. आपल्याला तिथे हळहळायचा हक्क आहे, निवाडा द्यायचा नाही.

अभयारण्याच्या आत नवरगाव होतं. ते उठवून बाहेर वसवलं गेलं. त्यानं जंगलाला निवांतपणा मिळाला, वाघांना जागा झाली, आणि रानात एकटं पडलेलं गाव रस्त्याजवळ आलं हेही खरं. पुनर्वसन सगळं वाईटच असं मी म्हणणार नाही. पण गाव उठतं तेव्हा घरं मोजली जातात, विहिरी मोजल्या जातात, झाडं मोजली जातात. बांधावरचा शेंदूर फासलेला दगड कोणत्या रकान्यात लिहायचा? आपल्याला आपल्या कुलदैवताला जायला सुट्टी मिळाली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. त्या लोकांनी आपल्या दर्शनासाठी काय सोडलं असेल, हा विचार जिप्सीत बसताना एकदा तरी मनात यायला हरकत नसावी.

मग समदर्शन म्हणजे या सगळ्यात काय? मला एक जुनी रीत फार सांगून जाते. आश्विन वद्य द्वादशी, आपली वसुबारस. शहरात आता गाय शोधून काढावी लागते, पण संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा होते, दिवाळीचा पहिला दिवा लागतो. त्याच तिथीला सह्याद्रीच्या आदिवासी पाड्यांत, अकोले-जव्हारच्या बाजूला, वाघबारस असते. वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, आमच्या गुराढोरांना सांभाळ म्हणून त्यालाच विनवतात. एकच तिथी. खाली गाय पुजली जाते, वर वाघ. ज्याच्यापासून भीती त्याच्याकडेच राखणीची जबाबदारी! आपण पाठ्यपुस्तकातून समदर्शन शिकतो, आणि ज्यांची गुरं खरोखर रानात चरतात त्यांनी ते पंचांगात बसवून टाकलंय. या माणसांची जोडाक्षरं पक्की आहेत. बाराखडी गिरवतोय तो आपणच.

पण नुसती श्रद्धा पुरते असंही नाही. हात लागतो, अवजार लागतं. सेवाग्रामला गेलात तर बापू कुटीच्या परिसरात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि ठेवायची पेटी जपून ठेवलेली दिसेल. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा ते साप-विंचवांचं रान होतं. साप मारायचा नाही हे ठरलं, आणि साप पायाखाली येऊ द्यायचा नाही हेही ठरलं. मग चिमटा आला. साप धरायचा, लांब नेऊन सोडायचा. मला तो चिमटा म्हणजे अठराव्या श्लोकावरचं एक भाष्यच वाटतं, लाकडात केलेलं. सापात देव पाहिला म्हणून तो चावायचा राहत नाही, आणि चावतो म्हणून त्यातला देव जात नाही. मधल्या जागेत माणसानं बसून काहीतरी घडवायचं असतं.

जंगलाकाठच्या शेतांसाठी असा चिमटा म्हणजे सौर कुंपण. त्यात विजेचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. काही गावांना ते सरकारी योजनेतून मिळालं, सगळ्यांना नाही. ते विकत घ्यायचं तर कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. आपल्या ग्रुपवर दर महिन्याला गोग्रासासाठी पैसे जमतात. एक महिन्याचे पैसे बोरच्या काठच्या एखाद्या शेताच्या कुंपणात गेले तर नंदिनीला चालेल का? मला वाटतं चालेल. या विषयावर ग्रुपवर भांडण होणार हे मला माहीत आहे. होऊ द्या.

शेवटी एका वाघाचं सांगतो. बाजीराव त्याचं नाव. (नावं ठेवायला आपण फार उत्साही. बोरमध्ये कॅटरिनाही होती.) बोरचा लाडका वाघ, शेकडो फोटोंत असेल. २०१७ च्याच डिसेंबरात, नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ, रात्री रस्ता ओलांडताना कुठल्यातरी गाडीनं त्याला उडवलं. बोर हे काही बंद बेट नाही. पेंच, ताडोबा, मेळघाट इकडे जाणारे वाघ या मधल्या रानांतून, शेतांतून, रस्ते ओलांडत जातात. त्या गाडीत कोण होतं, ठाऊक नाही. पण तो रस्ता आपलाच आहे. वीकेंडला शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला नागपूरकर ज्या रस्त्यानं सुटतात ना, तोच. एका दर्शनाला वेळेवर पोचायचं म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर, आणि दुसरा देव अंधारात कडेला उभा.

त्या पट्ट्यात रात्री साठच्या खाली चालवा. शेगावची काकड आरती चुकली तर शेजारती मिळेल. बोरला जाणार असाल तर गाडीवाल्याला 'थोडं आत घ्या ना भाऊ' म्हणू नका, राहायचं गावातल्या घरी बघा, आणि चहाच्या टपरीवर वाघाच्या आधी कोणाच्या गायीची चौकशी करून बघा. सेलूवरून वर्ध्याकडे वळलात तर पवनार वाटेतच लागतं. वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिरही आहे, ना छत ना मूर्ती, नुसत्या उभ्या शिळा आणि त्यांवर कोरलेली सगळी गीताई. त्या शिळांची मांडणी वरून पाहिली तर एक चरखा दिसतो आणि एक गाय. पाचव्या अध्यायाच्या शिळांपाशी जाऊन आजचा श्लोक शोधा, मराठीत तो फार सोपा वाटतो.

उद्या ५.१९ घेऊ. तिथे भगवंत ब्रह्म हे निर्दोष आणि सम आहे असं म्हणतात. त्या गुराख्याचं वाक्य घेऊनच मी तो वाचायला बसणार आहे.

राम कृष्ण हरी.